शेपटी टाकता न येणारा सरडा

भिंतीवरची पाल मांजरीच्या पंजाखाली सापडली, की शेपटी तिथेच टाकून पसार होते. शेपटी फरशीवर वळवळत राहते आणि मांजर तिच्याकडेच बघत बसते. हा प्रकार बहुतेकांनी घरात पाहिलेला असतो. त्यामुळे सरड्याच्या गोतावळ्यातल्या कुठल्याही प्राण्याची शेपटी गेली तर फारसं बिघडत नाही, नवी येईल, असं आपण धरून चालतो. अमेरिका-युरोपात हौसेने शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलण्यासाठी प्रसिद्ध असलेला सरडा, पाळणाऱ्या अनेकांचाही हाच समज असतो. शेपटीचं टोक काळं पडलेलं दिसतं, ते म्हणतात, बघू आठवडाभर. तो आठवडाच महागात पडतो.

पालीच्या शेपटीतल्या मणक्यांमध्ये एक कमकुवत रेषा जन्मतःच ठरलेली असते. धोका आला की आजूबाजूचे स्नायू आकुंचन पावतात, मणका त्या रेषेवर फाटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्त फारसं सांडत नाही. पुढे तिथे नवी शेपटी उगवते. तिच्यात मणक्यांऐवजी कूर्चेची नळी असते, पण काम भागतं. शॅमेलिऑनच्या मणक्यांत ही रेषा नाही. घोरपडीच्याही नाही, बागेतला सरडाही पालीसारखी शेपटी झटकून मोकळा होत नाही. शॅमेलिऑनची शेपटी तुटते ती अपघातानेच, जखम उघडी राहते आणि गेलेला भाग परत येत नाही. न्यू कॅलेडोनियातल्या क्रेस्टेड गेकोचंही गेलेलं शेपूट पुन्हा उगवत नाही, पण त्याची बोटं काचेवरही चिकटतात, म्हणून बिनशेपटीचे गेको पाळणाऱ्यांच्या घरी मजेत वाढतात. शॅमेलिऑनच्या बोटांना तो चिकटपणा नाही. त्याचे पंजे चिमट्यासारखे फांदी पकडतात आणि शेपटी हा त्याचा पाचवा हात असतो.

हा हात किती कामाचा असतो, हे दक्षिण आफ्रिकेतल्या बुटक्या शॅमेलिऑनांवर काम करणाऱ्या संशोधकांनी मोजून पाहिलं आहे. बलमापकाला जोडलेल्या दांडीला त्यांना पकड घेऊ द्यायची आणि मग हळूच ओढायचं. पंजांच्या पकडीबरोबर शेपटीच्या पकडीचीही नोंद केली गेली, कारण एका फांदीवरून दुसरीवर जाताना हा प्राणी पुढचे दोन्ही पाय हवेत सोडतो आणि तेवढा वेळ त्याचा तोल मागचे पाय आणि शेपटी सांभाळतात. मादागास्करच्या जंगलात पालापाचोळ्यात राहणारे ब्रूकेसिया गटातले चिमुकले शॅमेलिऑन याला अपवाद. त्यांची शेपटी आखूड असते आणि पकडीला फारशी उपयोगी पडत नाही. पण पिंजऱ्यात पाळले जातात ते बहुतेक झाडावरचेच.

त्यातही तीन जाती मुख्य. येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य डोंगराळ भागातला, डोक्यावर उंच शिरस्त्राण असलेला व्हेल्ड शॅमेलिऑन. मादागास्करचा झगझगीत रंगांचा पँथर शॅमेलिऑन. आणि केनिया-टांझानियाच्या थंड डोंगरांतला, तीन शिंगांचा जॅक्सन्स शॅमेलिऑन. व्हेल्ड सर्वांत चिवट आणि पिंजऱ्यात सहज वाढणारा, म्हणून नवशिक्यांच्या हाती बहुधा तोच लागतो. शेपटीच्या दुखापतींच्या गोष्टीही मग त्याच्याच जास्त.

दुखापत होते कशी? शेपटी दारात चेंगरली हे कारण सर्वांत सोपं आणि सर्वांत लाजिरवाणं. पिंजऱ्याच्या जाळीच्या दाराजवळ शेपटी गुंडाळून तो बसलेला असतो, पाणी फवारायच्या घाईत कुणीतरी दार लोटतं. सुजलेलं, जांभळट टोक लगेच दिसतं, म्हणून अशा वेळी उपचारही लवकर होतात. खरी अडचण सावकाश होणाऱ्या दुखापतींची आहे.

शॅमेलिऑन सापासारखी अखंड कात टाकत नाही. पांढुरक्या पापुद्र्यांचे तुकडे अंगावरून सुटत जातात. हवा फार कोरडी असेल, प्राण्याला पाणी कमी मिळत असेल किंवा आहारात ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर काही तुकडे अंगालाच चिकटून राहतात. पाठीवर राहिले तर फारसं नुकसान नाही. पण शेपटीच्या निमुळत्या टोकाभोवती तोच पापुद्रा वाळून कडं बनतो आणि आवळत जातो. पुढच्या कातीला त्यावर दुसरं कडं चढतं. रक्तपुरवठा तुटतो, टोक आधी करडं, मग काळं आणि कोरडं होतं. मालकाला वाटतं, कात अजून पूर्ण सुटलेली नाही, सुटेल. काही जण तो पापुद्रा नखाने ओढून काढतात आणि त्याबरोबर खालची जिवंत कातडीही सोलून निघते. अशा वेळी दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्याचं बारीक फवारणं आणि पिंजऱ्यातली आर्द्रता वाढवणं हा पहिला उपाय. दोन-तीन दिवसांत कडं सैल झालं नाही तर ते काढणं डॉक्टरांचं काम.

दुसरा सावकाश शत्रू म्हणजे दिवा. ऊन शेकायला वर लावलेला बल्ब पिंजऱ्याच्या आत असेल किंवा जाळीला अगदी टेकलेला असेल तर शॅमेलिऑन जाळीला उलटा लटकून त्याच्याजवळ जातो आणि शेपटी तापलेल्या धातूला गुंडाळतो. सरपटणाऱ्या प्राण्यांना चटका बसत असल्याचं वेळेवर कळत नाही, हा अनुभव पशुवैद्यांना नेहमीचा आहे. पहिल्या दिवशी नुसता हिरवट किंवा गडद डाग दिसतो. काही दिवसांनी फोड येतो आणि मग काळी खपली. डाग पाहून रंग बदललाय असं समजणारेही असतात. रंग बदलण्यासाठीच प्रसिद्ध असलेल्या प्राण्याच्या बाबतीत ही चूक समजण्यासारखी आहे. मात्र बदललेला रंग काही तासांत पूर्ववत होतो, भाजलेला डाग जागचा हलत नाही.

रातकिड्यांचं प्रकरण ऐकून लोक चकित होतात. पाळीव शॅमेलिऑनचं मुख्य खाणं म्हणजे वाढवलेले रातकिडे, टोळ आणि झुरळं. ढिगाने रातकिडे सोडले आणि त्याने निम्मेच खाल्ले, की उरलेले पिंजऱ्यात फिरत राहतात. रात्री शॅमेलिऑन गाढ झोपतो. भुकेले रातकिडे मग त्याची शेपटी, बोटं, पापण्या कुरतडतात. भक्ष्यच भक्षकाला खायला निघतं. उपाय अगदी साधा: कपातून मोजके किडे द्यायचे आणि दिवे विझण्याआधी उरलेले काढून घ्यायचे.

आणि शेवटी सोबत. एकटा कंटाळेल म्हणून जोडी आणणारे बरेच असतात. शॅमेलिऑनला जोडी नकोच असते. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठात रसेल लायगन आणि केव्हिन मॅकग्रॉ यांनी व्हेल्ड नरांच्या झुंजी कॅमेऱ्यात टिपून त्यांच्या रंगांचा अभ्यास केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात दिसलं, की अंगावरचे पट्टे जास्त उजळ झालेला नर चाल करून जाण्याची शक्यता जास्त, आणि ज्याच्या डोक्याचा रंग झपाट्याने उजळतो तो जिंकण्याची शक्यता जास्त. पुढच्या अभ्यासात लायगन यांनी दाखवलं, की हरणारा नर गडद होऊन माघार घेतो आणि त्यामुळे मार टळतो. झाडावर हे जमतं, कारण गडद झालेल्याला निघून जायला जागा असते. दोन फुटांच्या पिंजऱ्यात गडद होऊन जायचं कुठे? मग शेपटीला चावा बसतो. चावा बसला नाही तरी सतत दबलेला प्राणी खात नाही, ऊन शेकायला वर येत नाही आणि जराशी जखमही भरत नाही. दोन शॅमेलिऑनांना दोन पिंजरे हवेत आणि दोघांना एकमेकांचं तोंड दिसू नये अशी आडोशाची सोय हवी.

वाकडी किंवा गाठाळलेली शेपटी मात्र बहुतेक वेळा जखमेची खूण नसते. कॅल्शियम कमी पडलं, अतिनील किरणांचा दिवा जुना झाला किंवा लावलेलाच नसला, की हाडं मऊ पडतात, पाय धनुष्यासारखे वाकतात, शेपटीत पीळ येतो. अशा प्राण्याच्या शेपटीला पट्टी बांधून काही साधत नाही. दिव्याची नळी ठरलेल्या मुदतीनंतर बदलणं, किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरणं आणि रक्ततपासणी, हा तिथला रस्ता.

पाळणाऱ्याला ओळखता यायला हवी ती रेषा जिवंत आणि मेलेल्या भागामधली. निरोगी शेपटी लवचिक असते, झोपेत घट्ट गुंडाळलेली असते, हलका स्पर्श झाला की आवळते. टोक ताठ राहिलं, गुंडाळलं जात नसलं, स्पर्शाला दाद देत नसलं आणि वाळक्या काटकीसारखं लागलं, की कोरडं गँगरीन सुरू झालेलं असतं. ही काळी रेषा वर सरकते का, हे पाहण्यासाठी रोज एकाच उजेडात, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढावा. नुसत्या आठवणीवर विसंबून राहिलं तर दोन मिलिमीटरचा फरक लक्षात येत नाही. भाग ओला, सुजलेला आणि दुर्गंधी येणारा असेल तर फोटोंचीही वाट पाहू नये. सरीसृपांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो. त्यांच्या पांढऱ्या पेशींत तो विरघळवणारी द्रव्यं कमी असतात, त्यामुळे गळू पनीरच्या खड्यासारखं घट्ट होतं. ते दाबून निघत नाही, चिरून काढावं लागतं.

डॉक्टरांकडे पोचेपर्यंत घरी करण्यासारखं थोडंच असतं, आणि ते थोडंच करावं. रक्त येत असेल तर स्वच्छ गॉझने काही मिनिटं हलका दाब. जखम सलाईनने धुवावी. पोव्हिडोन आयोडीन वापरायचं तर ते फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट टाळावं; दोन्हीने जिवंत पेशी भाजतात. वेदनाशामक मिसळलेली माणसांची मलमं तर मुळीच नकोत. आपल्याकडे जखम दिसली की हात हळदीच्या डब्याकडे जातो, तो इथे आवरावा. घट्ट पट्टीने रक्तपुरवठा आणखी तुटतो, म्हणून पट्टीही नको. पिंजऱ्यातली माती आणि पालापाचोळा काढून तळाला कागद अंथरावा आणि त्याला उचलताना शेपटीला धरू नये. हातावर यायला तयार नसेल तर तो ज्या फांदीवर बसला आहे ती फांदीच उचलावी.

पिंजऱ्याचं तापमान हाही उपचाराचाच भाग आहे, हे पटवण्यासाठी एका जुन्या प्रयोगाची आठवण उपयोगी पडते. मिशिगन विद्यापीठातल्या मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात वाळवंटी इग्वानांना जिवाणूंचा संसर्ग करून पाहिला. सरीसृपांना आपल्यासारखा आतून ताप येत नाही, पण आजारी इग्वाना आपण होऊन जास्त गरम जागा शोधत आणि शरीराचं तापमान वाढवून घेत. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या प्रयोगात काही आजारी इग्वानांना उबदार, काहींना थंड तापमानात कोंडून ठेवलं. उबदार ठेवलेल्यांपैकी बरेच जगले, थंड ठेवलेल्यांपैकी बहुतेक दगावले. शॅमेलिऑन वाळवंटी इग्वाना नव्हे, त्याला तितकी उष्णता सोसणार नाही. व्हेल्डला शेकायच्या जागी साधारण ३० अंश सेल्सिअसच्या आसपास लागतं आणि जॅक्सन्सला त्याहून बरंच कमी. पण जखमी प्राण्याला पिंजऱ्यात एक ऊबदार आणि एक थंड टोक मिळालंच पाहिजे, म्हणजे कुठे बसायचं ते तो स्वतः ठरवेल. त्याला विश्रांती मिळावी म्हणून दिवे बंद करून अंधारात ठेवणारे लोक त्याची एकमेव तापाची सोय काढून घेत असतात.

दवाखान्यात शेपटीचं महत्त्व आणखी एका कारणाने कळतं. शॅमेलिऑनचं रक्त तपासायला घ्यायचं ते बहुधा शेपटीच्या खालच्या बाजूच्या शिरेतूनच. इंजेक्शन मात्र शरीराच्या पुढच्या भागात देण्याचा रिवाज आहे. सरीसृपांत शेपटी आणि मागच्या पायांकडून येणारं रक्त हृदयाकडे जाण्याआधी मूत्रपिंडांतून जाऊ शकतं, त्यामुळे मागे टोचलेलं औषध अंगात पसरण्याआधीच गाळलं जाण्याची किंवा मूत्रपिंडांना इजा करण्याची भीती असते. त्यांच्या शरीरातून औषधं सावकाश निघतात, म्हणून सेफ्टाझिडीमसारखं प्रतिजैविक बऱ्याचदा तीन दिवसांतून एकदाच दिलं जातं. हे ऐकून आपल्या मनाने डोस ठरवणं धोक्याचं. काळ्या भागामागे जिवाणू आहेत की बुरशी, हे तपासल्याशिवाय औषधही ठरत नाही. १९९७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी शॅमेलिऑनच्या कातडीवर हल्ला करणाऱ्या एका बुरशीची नोंद केली आणि तेव्हापासून सरीसृपांचे डॉक्टर न भरणाऱ्या जखमेत बुरशीची शंका घेतात. बुरशीवर प्रतिजैविक कितीही दिलं तरी व्यर्थ. एक्स-रेमध्ये मणके शाबूत आहेत की विरघळू लागलेत, ते दिसतं.

काळी रेषा थांबली आणि टोक कोरडं असेल तर काही डॉक्टर नुसती देखरेख ठेवतात. मेलेला भाग आपोआप गळून पडतो. रेषा वर सरकत असेल किंवा हाडात संसर्ग असेल तर शेपटी कापावी लागते. भूल देऊन, काळ्या रेषेच्या बरंच वर, निरोगी मांसात छेद घेतात. अगदी रेषेवर कापलं तर संसर्ग मागे राहतो आणि तीच शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागते. नराच्या बाबतीत वेळेचा प्रश्न जास्त बिकट होतो: त्याची जननेंद्रियं शेपटीच्या मुळाशीच आत दडलेली असतात, त्यामुळे संसर्ग मुळाजवळ पोचला की सर्जनला जागाच उरत नाही. म्हणूनच दोन सेंटिमीटर कापायची वेळ असताना कापलेलं बरं.

सरीसृपांची कातडी टाके घालताना आत वळते, म्हणून तिच्या कडा बाहेर काढून टाके घातले जातात, आणि ते चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे लागतात. कुत्र्या-मांजरांचे टाके दहा-बारा दिवसांत निघतात. त्या सवयीने लवकर काढले तर जखम उघडते. या काळात भिजलेल्या फांद्यांवर टाके घासू नयेत, दर आठवड्याला घरगुती काट्यावर वजन करावं आणि घटलं तर डॉक्टरांना कळवावं.

शेपटीचा तिसरा हिस्सा गेलेला शॅमेलिऑन चांगला जगतो. निम्म्याहून जास्त गेली तर तो सुरुवातीला पडतो. त्याच्यासाठी फांद्या जाड आणि आडव्या लावाव्या, त्यांतलं अंतर कमी करावं, पिंजऱ्याच्या तळाशी मऊ काहीतरी असावं. हळूहळू तो पंजांवर जास्त भार घ्यायला शिकतो. जखमी प्राण्याचा कंटाळा आला म्हणून त्याला बाहेरच्या झाडावर सोडून देणं ही मात्र कुठल्याच देशात दयेची गोष्ट नाही. हवाईच्या ओआहू बेटावर १९७२ मध्ये केनियाहून आलेले रोडावलेले जॅक्सन्स शॅमेलिऑन एका पाळीव प्राण्यांच्या दुकानदाराने सावरावेत म्हणून अंगणात मोकळे सोडले. आज ते त्या बेटांवर घुसखोर म्हणून पसरले आहेत आणि तिथल्या गोगलगाई व कीटक खातात. फ्लोरिडात व्हेल्डनेही जम बसवला आहे.

भारतात चित्र वेगळं आहे. आपला स्वतःचा भारतीय शॅमेलिऑन, महाराष्ट्रात ज्याला काही भागांत सरडगुहिरा म्हणतात, तो वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. त्याला पकडणं, विकणं, घरी ठेवणं हा गुन्हा आहे, मग उपचारासाठी ठेवलाय असं सांगितलं तरी. परदेशी जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटीस कराराच्या यादीत येतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार त्या बाळगणाऱ्याला केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

सरडगुहिऱ्याची शेपटी आपल्याकडे जायबंदी होते ती बहुधा रस्त्यावर. डुलत डुलत एकेक पाऊल टाकणारा हा प्राणी डांबरी रस्ता ओलांडायला इतका वेळ घेतो की चाकाखाली सापडतो. तो विषारी आहे या भीतीने त्याला काठीने मारणारेही आहेत. तो मुळीच विषारी नाही. असा जखमी प्राणी दिसला तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात एक फांदी घालून त्याला ठेवावं, तोंडात पाणी ओतू नये आणि महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. बरा झाल्यावर त्याला जिथे सापडला तिथेच सोडणं चांगलं, म्हणून फोन करतानाच गाव, झाड आणि रस्त्यावरचा किलोमीटरचा दगड टिपून ठेवला तर वनरक्षकाचं काम सोपं होतं.